अंधारातला नेम

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो बारीकसा उंचवटा असतो त्याला आपल्या भाषेत माशी म्हणतात. मागची खाच, पुढची माशी आणि निशाण ही तिन्ही एका रेषेत आली की नेम धरला गेला. ही व्यवस्था जुनी, आणि तिच्यातला दोषही तितकाच जुना: दिवस मावळला की माशी दिसेनाशी होते. शिकारी लोक माशीवर हस्तिदंताचा पांढरा मणी बसवून घेत. पण त्यालाही निदान चांदण्याचा आधार लागे.

स्वतःच्या तेजाने चमकणारी माशी शक्य झाली ती रेडियममुळे. क्यूरी दांपत्याने १८९८ साली ते शोधून काढले. त्याचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळला की ती रात्रंदिवस मंद हिरवी उजळते. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला काडी ओढण्याची चोरी होती. त्याच्या घड्याळाला, विमानातील तबकड्यांना आणि बंदुकीच्या माशीलाही हा रंग लागला. (रिक्षामागे चिकटवतात त्या चमकत्या पट्टीला आपल्याकडे आजही रेडियम म्हणतात. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. ती दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड परत फेकते एवढेच.)

या उजेडाची किंमत कोणी मोजली? न्यू जर्सीतील ऑरेंज या गावी १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवीत असत. आकडे रेखीव उमटावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करावे, असे त्यांना शिकवले होते. दर वेळी थोडा रंग पोटात जाई, आणि रेडियम कॅल्शियमसारखे असल्याने हाडांत जाऊन बसे. काही वर्षांनी दात पडू लागले, जबडे कुजू लागले. १९२५ साली हॅरिसन मार्टलंड या डॉक्टराने या दुखण्याचा रेडियमशी संबंध दाखवून दिला. ग्रेस फ्रायर या मुलीला तर खटला घेणारा वकील मिळवण्यातच दोन वर्षे गेली. अखेर १९२८ साली पाच जणींना प्रत्येकी १०,००० डॉलर व वर्षाला ६०० डॉलर देऊन तडजोड झाली. फ्रायर १९३३ साली वारली. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे, पण त्याच्या माऱ्याने भुकटी मात्र लवकर निकामी होते. त्या काळच्या तबकड्या आज काळ्या पडल्या आहेत. विष तेवढे जागे आहे.

पुढे ट्रिटियम आले. रदरफोर्ड, ऑलिफंट व हार्टेक यांनी केंब्रिजला १९३४ साली ओळखलेला हा हायड्रोजनचा जड भाऊ. त्याचे किरण इतके दुबळे की काचेतून किंवा कातडीतूनही पार होत नाहीत. आतून लेप दिलेल्या बारीक काचनळीत हा वायू कोंडतात. अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. १९७० नंतरच्या दशकात इस्रायलच्या गलील बंदुकीवर अशा नळ्या होत्या. पिस्तुलासाठी अमेरिकेत ट्रिजिकॉन कंपनीने १९८५ च्या सुमारास त्या बाजारात आणल्या आणि पोलिसांत त्यांचा प्रसार झाला.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही, तेव्हा निवडीचा प्रश्न थोड्यांचाच. तरी त्यातले मर्म सांगतो. नळी कधी भरली ते वर्ष आधी पाहावे. बारा वर्षे दुकानात पडून राहिलेली नळी निम्मीच उजळणार. तीन ठिपके एकाच तेजाचे असले तर घाईत मागचा कोणता, पुढचा कोणता हे कळत नाही. म्हणून मागचे दोन मंद किंवा वेगळ्या रंगाचे असलेले बरे. आणि या ठिपक्यांनी दिसते ते आपलेच पिस्तूल. समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला घरचा माणूस, हे पाहायला बॅटरीच लागते.

बसवणे मात्र कसबी कारागिराचे काम. पिस्तूल आधी रिकामे करून तपासतात. मागचा तुकडा आडव्या खोबणीत घट्ट बसतो. तो दाबयंत्राने सरकवतात, कारण हातोडीच्या ठोक्याने आतली काच फुटू शकते. गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला मागची खाच सरकवायची. माशीचे नेमके उलटे. गोळ्या खाली लागत असतील तर माशी बुटकी करावी. खाच व माशी यांत १५ सेंटिमीटर अंतर असून १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर खाली लागत असेल, तर माशी १ मिलिमीटरने कमी करावी लागते. ही परीक्षा चांदमारीच्या मैदानावर, भर उजेडातच घेतात.