एका रंगातला चेहरा

दिवाळीच्या पहाटे अंगणात पत्र्याचा छाप ठेवून वरून रांगोळी फिरवली, की भोकांतून लक्ष्मीची पावले उमटतात. घरातल्या कॉलेजकुमाराच्या टी-शर्टवर जो दाढीवाला, तारांकित टोपीवाला चेहरा दिसतो, तो याच छापाच्या भावकीतला आहे, असे म्हटले तर आजीबाई हसतील. पण गोष्ट खरी आहे.

पत्र्याच्या छापाची एक अडचण असते. पुरते वर्तुळ कापले, की मधली चकती गळून पडते. त्यावर उपाय म्हणजे चौकटीवर ताणलेले झिरझिरीत रेशीम. सुटा तुकडा त्या जाळीलाच चिकटून राहतो. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ साली या रेशमी छपाईचे पेटंट घेतले. उजेडाने कडक होणारा लेप तर त्याहून जुना. इंग्लंडच्या टॅलबटने १८५२ सालीच तशा लेपाचे पेटंट घेतले होते. जाळीवर लेप द्यायचा, त्यावर पारदर्शक फिल्मवरचे काळे चित्र ठेवायचे आणि उजेड दाखवायचा. काळ्याखालचा लेप मऊ राहतो, पाण्याने धुऊन जातो, आणि तेवढ्याच वाटेने शाई कापडावर उतरते.

पण शाई एकच! ती पडते किंवा पडत नाही. थोडीशी पडणे तिला ठाऊक नाही. फोटोत तर काळ्या-पांढऱ्यामध्ये राखी छटांचा सगळा संसार असतो. वर्तमानपत्रे त्या छटांचे लहानमोठे ठिपके करतात. कापडावर बारीक ठिपके शाई पसरून एकमेकांत मिसळतात, म्हणून तेथे ते जाडच ठेवावे लागतात. दुसरा मार्ग निष्ठुर आहे : राखी छटा पुसूनच टाकावयाच्या.

त्या दाढीवाल्या चेहऱ्याचे हेच झाले. ४ मार्च १९६० रोजी हवानाच्या बंदरात 'ला कूब्र' या जहाजावर स्फोट होऊन कित्येक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. आल्बेर्तो कोर्दा हा छायाचित्रकार व्यासपीठासमोर उभा होता. चे गेव्हारा क्षणभर पुढे आला, आणि कोर्दाने घाईने दोनदा कळ दाबली. त्याच्या वृत्तपत्राने ते चित्र त्या वेळी छापले नाही. कोर्दाने मात्र बाजूचा माणूस आणि माडाच्या झावळ्या कापून ते आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावले. मूळ फोटोत डोळ्यांभोवती, ओठांपाशी ज्या राखी सावल्या आहेत, त्यांतच त्या दिवसाचा शोक आणि संताप आहे.

१९६७ साली इटलीचा प्रकाशक फेल्त्रिनेल्ली त्याच्या दोन प्रती घेऊन गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चे बोलिव्हियात मारला गेला. १९६८ साली आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने तो चेहरा लाल जमिनीवर निव्वळ काळ्या शाईत उतरवला. टोपीवरचा तारा तेवढा हाताने रंगवला, नजर किंचित वर उचलली आणि हक्क मुद्दामच राखून ठेवले नाहीत. टी-शर्टांवर चढले ते बहुतेक याच कुळातले चित्र. स्वस्त म्हणून चढले, हे उघड आहे : एक जाळी, एक शाई, आणि दुसरा रंग कापडाने फुकट दिलेला. पण सावल्यांबरोबर शोकही गेला होता, म्हणून ते कोणाच्याही छातीवर शोभू लागले. ज्याला क्यूबा नकाशावर दाखवता येणार नाही, त्याच्याही! मला हा सौदा अजून नीटसा पटत नाही. तरी चित्र जोरकस आहे, हे नाकारता येत नाही.

एक गंमत सांगतो. पांढऱ्या किंवा लाल कापडावर सावल्या छापतात. काळ्या कापडावर पांढऱ्या शाईने उजेड छापावा लागतो. हे विसरून तीच जाळी वापरली, की दाढी पांढरी आणि गाल काळे होतात, आणि शर्टावर निगेटिव्ह अवतरते.

या चित्राच्या खपातून कोर्दाने वर्षानुवर्षे काही घेतले नाही. २००० साली मात्र एका व्होडकाच्या जाहिरातीत ते दिसताच तो चिडला आणि कोर्टात गेला. तडजोडीत ५०,००० डॉलर मिळाले. ते त्याने क्यूबातल्या मुलांच्या औषधपाण्यासाठी देऊन टाकले. पुढच्याच वर्षी तो पॅरिसला वारला.