पाटीपासून मोबाइलपर्यंत : पाळी कुणाची?

हल्ली चार म्हातारी माणसे एकत्र बसली की पाऊसपाण्याच्या गप्पा लवकर आटोपतात आणि विषय मुलांच्या मोबाइलवर येतो. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो," हे वाक्य कुणीतरी टाकतेच. मंडळी, मी सदतीस वर्षे शाळेत शिकवले आहे आणि हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. आमच्या वेळीही नवनवी यंत्रे येत होती, त्यांचे वेड होते आणि त्यावरून घरोघरी भांडणेही होत. तेव्हा आज आमच्या घनसावंगी भागातल्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या वस्तूंचा थोडासा इतिहास सांगते. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ शिकवून झाला!

हा इतिहास सांगताना मी एकच प्रश्न हाताशी धरणार आहे. घरात नवी वस्तू आली की ती सर्वांत आधी कुणाच्या हातात गेली आणि सर्वांत शेवटी कुणाच्या?

सुरुवात पाटीपासून करू. आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे वरचे शिक्षण उर्दूतून असे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले तेच मुळी उर्दू माध्यमाचे. त्यामुळे माझे वडील आधी अलिफ-बे गिरवून मग मोडी-बाळबोध शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मी १९५१ ची, म्हणजे मराठीतून पहिली इयत्ता शिकणाऱ्या सुरुवातीच्या मुलींपैकी. पुण्यात सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींना शिकवायला सुरुवात केली. आमच्या खेड्यातल्या मुलीच्या हाती पाटी यायला त्यानंतर शंभरावर वर्षे लागली. आईच्या हाती तर ती कधी आलीच नाही. मात्र माझी पाटी ती रोज कोळसा आणि पानांनी घासून लख्ख करून द्यायची.

त्या काळी आम्ही अंबड तालुक्यात आणि जिल्हा औरंगाबाद. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, घनसावंगी तालुका तर त्याच्याही पुष्कळ नंतरचा. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच भागात आहे. ज्यांनी लिहिण्यावर एवढा भर दिला त्यांच्या मुलखात लिहायचे साधन मात्र सहजासहजी मिळत नव्हते.

पाटीनंतर टाक-दौत आणि मग शाईचे पेन. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईची भुकटी करून विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली. एका मराठी माणसाची शाई आमच्या दप्तरापर्यंत आली याचे आमच्या गुरुजींना फार कौतुक. पेन मिळण्याचा क्रम घरात ठरलेला होता. नवे पेन थोरल्या भावाला, त्याचे गळके पेन धाकट्याला आणि त्याचीही निब तुटली की मला! निब दगडावर घासून मी ते चालवायची. पुढे बॉलपेन आले तेव्हा "याने अक्षर बिघडतं" म्हणून शिक्षक लोक रागावत. प्रत्येक नव्या वस्तूने मुले बिघडतात, ही समजूत अशी जुनी आहे.

आता साठीच्या दशकातली तीन मोठी यंत्रे घ्या : सायकल, घड्याळ आणि रेडिओ. आजच्या भाषेत ही त्या वेळची 'गॅजेट्स'. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला १९६१ मध्ये सुरू झाला. मुलगा मॅट्रिक झाला की मनगटावर घड्याळ, ही मोठी हौस. रेडिओला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की परीक्षा तोंडावर असलेल्या मुलांचेही पुस्तक मिटायचे. ही गीतमाला १९५२ पासूनची. म्हणजे 'मुलांचा अभ्यास यंत्राने बुडवला' ही तक्रार किमान सत्तर वर्षांची झाली.

या तिन्ही वस्तूंची आणखी एक गंमत आहे, आणि ती तितकीशी गमतीची नाही. खेड्यातल्या पुष्कळ मुलांना त्या मिळाल्या लग्नात. 'मुलगा शिकतोय, सायकल, घड्याळ, रेडिओ पाहिजे,' अशी यादीच असे. पैसे मुलीच्या बापाचे आणि यंत्रे जावयाची! हुंडाबंदीचा कायदाही नेमका १९६१ चाच. एकाच वर्षी घड्याळाचा कारखाना आला आणि हुंडाबंदीही आली. आमच्याकडे घड्याळे वेळेवर पोचली, कायदा मात्र वाटेतच राहिला. ज्या मुलीमुळे घरात घड्याळ आले तिला किती वाजले ते नवऱ्याला विचारावे लागे.

सायकलचे तेच. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, नळीखालून पाय घालून मुले शिकत. गुडघे फुटत, पण शिकत. मुलीने सायकल चालवायची म्हणजे गावात चर्चा. हायस्कूल गावात असेल तर मुलगी पुढे शिकायची, नसेल तर सातवीला शिक्षण संपायचे. बुद्धीचा काही प्रश्नच नव्हता, प्रश्न होता चार-पाच कोसांचा. माझे नशीब असे की मामाच्या गावी राहून मला मॅट्रिक होता आले. पुढे नोकरी करता करता मराठवाडा विद्यापीठाची बी. ए. बाहेरून केली. ते विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले नसते तर आमच्यासारख्यांना पदवी हैदराबाद-नागपूरकडेच शोधावी लागली असती.

कामाच्या बाबतीत मात्र मुलगा-मुलगी हा भेद कुणी पाळला नाही. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला दोघेही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला शाळकरी मुली बसलेल्या मी पाहिल्या आहेत. नुकतीच शिक्षिका झाले होते. वर्गातल्या हजेरीपटावर जे नाव गैरहजर, ते कामावरच्या हजेरीत हजर. सुकडीच्या रांगेत पुन्हा भेटायचे. भर उन्हात हातोडा उचललेला गावाला चालत होता, त्याच हातांनी सायकलची मूठ धरलेली चालत नव्हती. असो.

मग पाणी आले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ ला इंदिराजींनी धरणाचे उद्घाटन केले. डावा कालवा आमच्या भागातून पुढे परभणीकडे जातो. कालव्यामागे ऊस आला, उसामागे पैसा आणि पैशामागे घरांवर टीव्हीचे अँटेने. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ ला, पण आमच्याकडे त्याचे खरे राज्य आले ते १९८७ च्या 'रामायण' मालिकेपासून. रविवारी सकाळी गल्ली ओस. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग! हे यंत्र मात्र सर्वांचे होते. पोरीबाळी, म्हाताऱ्या, शेतमजूर सगळे एकत्र बसून बघत. मुलींनी जग पाहिले ते आधी या पेटीतून, हे कबूल केले पाहिजे.

खेळांचेही सांगितले पाहिजे. विटीदांडू, गोट्या, भोवरे, सूरपारंब्या हे मुलांचे. सागरगोटे, फुगड्या, लंगडी हे मुलींचे. खो-खो दोघांचा, पण मुलींचा खेळ वयात येईपर्यंतच. नंतर अंगण बंद. मुलांचे मैदान मात्र मिसरूड फुटल्यावरही चालूच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या दिवशी मला माझ्या वर्गातल्या कितीतरी चपळ पोरी आठवल्या. आठवीनंतर त्यांना कुणी पळूच दिले नव्हते.

मोबाइलवरच्या खेळात अंगण लागत नाही, सोबती लागत नाही, म्हणून तो खेळ वाईट असे मी सरसकट म्हणणार नाही. त्याचे व्यसन लागते हे मात्र खरे. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ मध्ये संसदेने कायदाच केला. पूर्वी पारावर पत्ते कुटणारा निदान सगळ्यांना दिसत होता. आता कोपऱ्यात पांघरुणाखाली कोण काय हरतो ते घरच्यांना कळत नाही, एवढा फरक.

संगणकाचे युग आमच्याकडे आले एमएस-सीआयटीच्या पाट्यांवरून. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि गावोगावच्या गाळ्यांत हे वर्ग निघाले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागले म्हणून मुलींनाही पाठवले गेले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलीच्या हाती यंत्र आपल्या मनाच्या मोठेपणाने आले नाही, नियमाने आले. सायकलचेही असेच झाले. २०११ पासून मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या दहा-बारा मुली ओळीने सायकलवरून येताना पाहिल्या तेव्हा ज्या गावाने एके काळी चर्चा केली तेच गाव बाजूला होऊन वाट देत होते. गाव बदलायला एक पिढी लागते आणि एक सायकल लागते.

आणि मग २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे सरकार म्हणाले. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा आमच्याच घनसावंगीचे आमदार राजेश टोपे, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राचे कान आमच्या गावाच्या माणसाकडे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. शिक्षक म्हणून माझी मान ताठ झाली.

पण कोड वाचायला फोन लागतो. मी तेव्हा निवृत्त होते, तरी गल्लीतली मुले ओट्यावर शंका विचारायला येत. बहुतेक घरांत चांगला फोन एकच. सकाळी तो वडिलांबरोबर शिवारात जाई. संध्याकाळी परत आला की थोरल्या मुलाचा तास, मग धाकट्याचा खेळ. मुलीची पाळी भाकरी झाल्यावर, भांडी झाल्यावर, आणि तोवर बॅटरीही संपलेली. सातवीतली एक पोर मला म्हणाली, "बाई, मला धडा येतो, पण फोन येत नाही." त्या दोन वर्षांत आमच्या भागात किती मुलींची लग्ने घाईने उरकली गेली ते मी डोळ्यांनी पाहिले. तिच्या हाती फोन नाही, म्हणून अभ्यास नाही. अभ्यास नाही, म्हणून 'घरी बसून काय करते?' आणि पुढचे पाऊल मांडवात.

म्हणून मी म्हणते, मोबाइल चांगला की वाईट हा वाद पाटीपासून चालत आला आहे आणि पुढच्या यंत्रापर्यंत चालेल. तो वाद घालताना आपण घरातला दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न विसरतो : पाळी कुणाची? बोरूच्या, सायकलच्या, घड्याळाच्या वेळी जो क्रम होता तोच २०२० साली फोनच्या बाबतीत होता. वस्तू बदलल्या, रांग तीच राहिली. आणि जिथे जिथे रांग मोडली, तिथे ती कुणीतरी ठरवून मोडली आहे : सावित्रीबाईंनी, सायकल देणाऱ्या योजनेने, नोकरीच्या एखाद्या नियमाने, नाहीतर घरातल्या एखाद्या हट्टी बाईने.

आता पहाटे पाचला आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुली आळीपाळीने एकमेकींची वेळ मोबाइलवर मोजतात. सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा ठेवण्याचे धोरण १९९४ चे. त्याचे फळ मला आज माझ्या खिडकीतून पळताना दिसते. यांतल्या काही जणी दुपारी कापूस वेचायला जातात आणि रात्री अभ्यासिकेत बसतात. नवऱ्याला वेळ विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि सेकंदाचा हिशेब स्वतः ठेवणाऱ्या या पोरीही पाहते आहे.

माझ्या भाचरांना, पुतण्यांना आणि सुनांना एवढेच सांगणे आहे. आपल्या घरात आज फोनची पाळी कशी लागते ते एकदा नीट बघा. मुलगी शेवटी असेल तर तिला एक दिवस पहिली करा. आकाश कोसळत नाही, मी करून पाहिले आहे.