वस्तऱ्याची धार : घडविणारे हात आणि राखणारे हात

आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून प्रतापगडच्या प्रसंगातील (१६५९) जिवाजी महाले आणि पन्हाळ्याच्या वेढ्यातील (१६६०) शिवा काशीद यांच्या पराक्रमाचे वर्णन वारंवार येते, व ते यावे हे योग्यच आहे. परंतु ज्या हत्याराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांचा चरितार्थ चालविला, ते हत्यार मात्र आपल्या लेखकांनी धोकटीतून सहसा बाहेर काढलेले नाही. तलवारींचे संग्रह झाले, त्यांच्या मुठींवर व पात्यांवर ग्रंथ लिहिले गेले. वस्तरा कोणी घडविला, कशाचा घडविला आणि त्याची धार कोणत्या विद्येच्या बळावर टिकत असे, हा विचार मागेच राहिला. वसई-विरारची भूमी डोळ्यांपुढे ठेवून तो विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तुरा' या शब्दापासून आपल्याकडे आला. त्याच्याही फार पूर्वीचा संस्कृत शब्द 'क्षुर' असून 'क्षौर' हा शब्द त्यावरूनच सिद्ध झाला आहे. 'न्हावी' म्हणजे मुळात न्हाऊ घालणारा. 'हजामत' या शब्दाची कथा तर विशेष बोधक आहे. अरबी भाषेत त्याचे मूळ तुंबडी लावून दूषित रक्त काढण्याच्या क्रियेत आहे, म्हणजे तो वैद्यकाचा शब्द होय. आपले वाडवडील श्मश्रू करीत, तशी तुंबडीही लावीत. ज्या शब्दाचा पुढे चारचौघांत हिणविण्यासाठी उपयोग होऊ लागला, तो शब्द उपचार करणाऱ्याचा होता, हे त्या हिणविणाऱ्यांस बहुधा ठाऊक नसावे.

वसई म्हटली की लोकांना पोर्तुगीजांचा किल्ला आणि १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय एवढेच आठवते. पण या तालुक्यातच सोपारा आहे, आणि सोपारा हे किल्ल्याहून कितीतरी जुने बंदर आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाचे टेकाड उकरले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सोपाऱ्यासच मिळाला होता. नवव्या शासनाचा भाग १९५६ साली जवळच्या भुईगावास सापडला.

स्तूप, शिलालेख आणि वस्तरा यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. जेथे भिक्षू तेथे मुंडन, आणि जेथे मुंडन तेथे वस्तरा. बौद्ध भिक्षूने स्वतःजवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई व पाणी गाळण्याचे साधन यांच्या जोडीला वस्तराही आहे. विनयपिटकात तर वस्तरा, तो परजण्याचा दगड, त्याचे म्यान आणि एकंदर क्षौराची सामग्री वापरण्याची भगवान बुद्धांनी दिलेली अनुज्ञा नोंदलेली आहे. म्हणजे ज्याला आपण धोकटी म्हणतो, ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने धर्मग्रंथात एकेक वस्तू मोजून लिहून ठेविली आहे. ज्यांनी भिक्षुसंघाचे हे नियम मुखोद्गत राखले व राजगृहाच्या पहिल्या संगीतीत सर्वांपुढे सांगितले, ते उपाली शाक्यांचे न्हावी होते. शाक्य राजपुत्रांनी आपल्या आधी उपालींस दीक्षा द्यावी अशी विनंती केली, ती अशासाठी की, ज्येष्ठ म्हणून त्यांना वंदन करावे लागून आपला कुलाभिमान गळावा.

ही कथा सांगताना आपली छाती फुगते. पण त्याच पिटकातील दुसरी कथा गाळून चालणार नाही. आतुमा गावच्या एका वृद्ध भिक्षूने, जो पूर्वाश्रमीचा न्हावी होता, आपल्या मुलांना घरोघर क्षौराची सामग्री घेऊन पाठविले व संघासाठी शिधा जमविला. त्यावर, जो पूर्वी न्हावी होता त्याने भिक्षू झाल्यावर ती सामग्री बाळगू नये, असा नियम करण्यात आला. वस्तरा सर्वांना मोकळा, आणि ज्याच्या हातात तो खरा शोभे त्यालाच बंद! नियमामागे कारण असेल, पण वाचताना मन थबकते हे खरे.

सोपाऱ्याच्या विहारांतून वापरले गेलेले वस्तरे कोणत्या लोहाराने घडविले, हे कोणत्याही शिलालेखात नाही. ते काम समजून घ्यावयाचे तर भट्टीवरच गेले पाहिजे, म्हणून वसई तालुक्यातील एका वृद्ध कारागिरांकडे आम्ही गेलो. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते दिले नाही. त्यांच्याकडे आज कामे येतात ती वाडीवाल्यांच्या कोयत्यांची व मासळी कापण्याच्या विळ्यांची. वस्तरा घडविण्याचे काम त्यांनी तरुणपणी वडिलांच्या हाताखाली केलेले. आमच्या आग्रहास्तव त्यांनी पुन्हा एक पाते घडवून दाखविले.

त्यासाठी त्यांनी घेतली ती झिजून टाकून दिलेली कानस. कानशीचे पोलाद कडक, व एरवी वाया जाणारे. भात्याच्या आचेवर ती लाल करून प्रथम नरम पाडली, मग ऐरणीवर ठोकून तिचे पाते काढले. कोयत्याला घाव जोराचे लागतात. येथे घाव हलके, पण मोजून. पात्याची पाठ जाड ठेवावयाची आणि तेथून धारेकडे उतरत जावयाचे. ही पाठीची जाडी म्हणजे केवळ मजबुतीची बाब, असा आमचा समज होता. वस्तरा दगडावर आडवा टेकविला की पाठ व धार दोन्ही दगडाला लागतात. त्यामुळे पाठ जितकी जाड, तितका धारेचा कोन मोठा. धार झिजते तशी पाठही झिजते आणि कोन जवळजवळ तोच राहतो. म्हणजे धार लावणाऱ्याने कोन डोळ्याने मोजावयाचा नसतो. लोहाराने तो पात्याच्या अंगातच बांधून दिलेला असतो. आम्हांस तर वाटते की, सबंध वस्तऱ्यात यासारखी बुद्धीची दुसरी गोष्ट नाही.

पाते आकारास आल्यावर ते पुन्हा तांबडेलाल तापविले आणि तेलात बुडविले. अशा पात्यावर आता कानस चालत नाही, ती घसरते. पण पाते काचेसारखे ठिसूळ झालेले असते. म्हणून ते घासून उजळ करावयाचे आणि मंद आचेवर धरावयाचे. उजळ पोलादावर रंग चढू लागतो. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग दिसला की पाते बाजूला घ्यावयाचे. तो तांबूस किंवा निळा होऊ दिला, तर धार नरम राहिली असे समजावे. बाबांनी हे सारे भट्टीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात केले, कारण उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग फसवतो. शेवटी म्हशीच्या शिंगाचे दोन तुकडे घासून त्यांची मूठ केली आणि मिटता येईल असे पाते तिच्यात खिळीने बसविले. मूठ बसविण्यापूर्वी त्यांनी आमच्यापैकी एकाच्या तळहाताचे माप बोटांनी घेतले. बाजारचा वस्तरा सर्वांना एकच. भट्टीवरचा ज्याचा त्याला.

ही विद्या किती जुनी आहे, याचा पुरावा सुश्रुतसंहितेत सापडतो. शस्त्रांना पाजण्याचे तीन प्रकार तेथे दिले आहेत : क्षाराचे, पाण्याचे व तेलाचे. या क्रियेला संस्कृतात 'पायना' असे नाव असून आपले लोहार आजही हत्याराला 'पाणी पाजणे' असेच म्हणतात. चिरण्याच्या काही शस्त्रांची धार मसुरीच्या डाळीएवढी, तर छेदन करणाऱ्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी असावी, असे सुश्रुत सांगतो. धार लावण्यास उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि ती राखण्यास सावरीच्या लाकडाची फळी घ्यावी, असेही तेथे आहे. धारेची परीक्षा कोणती, तर केस कापला जावा! शल्यवैद्याच्या शस्त्राची कसोटी आणि आपल्या आजोबांच्या वस्तऱ्याची कसोटी एकच होती.

या ठिकाणी आमचे मुख्य म्हणणे मांडतो. भट्टीवरून आलेला वस्तरा हा अर्धाच वस्तरा असतो. त्याने दाढी होत नाही. बाबांनी पाते आमच्या हाती दिले तेव्हा ते सुरीसारखे होते. त्यापुढचे काम लोहाराचे नव्हे. खरखरीत दगड, मग त्याहून मऊ, मग पाण्याने भिजविलेला अगदी बारीक कणांचा दगड, आणि अखेरीस चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे ठेवून चालावयाचे, पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. उलट केले तर पट्टा कापला जातो आणि धारही मरते. दाब किती द्यावा हे सांगून येत नाही. ते मनगटालाच कळावे लागते. ही दुसरी अर्धी घडण न्हाव्याची, व ती एकदा करून संपत नाही, रोज करावी लागते. गावगाड्यात लोहार व न्हावी दोघेही बलुतेदार. एकाने हत्यार घडवावे, दुसऱ्याने त्याची श्मश्रू करावी, आणि पैशाचा व्यवहार मध्ये येऊ नये, अशी रीत होती. एकच वस्तू दोन जातींनी मिळून घडविली आणि दोघांपैकी एकाचेही नाव तिच्यावर उमटले नाही.

नाव उमटले ते परदेशी कारखान्यांचे. तेथेही आपल्या मुलखाचा हात होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास 'वूट्झ' नावाच्या देशी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील प्रयोगांचा निबंध त्या संस्थेपुढे ठेविला. त्यात हे पोलाद मुंबईस होते असे म्हटले आहे. वस्तुतः ते दक्षिणेत व तेलंगणात मुशीत वितळवून केले जाई. पुढे लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट व विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या सुमारास मिश्र पोलादाचे जे प्रयोग केले, त्यांना चालना देणाऱ्या गोष्टींत हे पोलाद होते. आणि फॅरेडे यांनी आपल्या पोलादाचे काय करून मित्रांना भेट दिले, तर वस्तरे!

तोवर शेफील्ड व झोलिंगेन येथील कारखान्यांचे वस्तरे जगभर जाऊ लागले होते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी पहिली स्थानिक गाडी सुरू झाली. त्या रुळांनी वसईची केळी, फुले व पाने मुंबईस गेली, आणि मुंबईच्या बाजारातील पेटीबंद वस्तरे या बाजूस आले. पात्याची पाठ कोरून पातळ केलेले ते विलायती वस्तरे उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे. लोहाराचा अर्धा भाग अशा रीतीने गेला. न्हाव्याचा मात्र राहिला, कारण विलायती पात्यालाही दगड व पट्टा चुकत नव्हता.

तो राहिला म्हणूनच १८९० सालची गोष्ट घडू शकली. विधवांचे केशवपन ही त्या काळातील उच्चवर्णीयांची क्रूर रूढी. आणि ती अमलात येई आपल्या वस्तऱ्याने. त्या वर्षी मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून, यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही, असा निश्चय केला. 'दीनबंधु'चे संपादक व कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी या कामी पुढाकार घेतला, आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांची प्रेरणा त्यामागे होती. सुधारणेची व्याख्याने त्या काळी पुष्कळ झाली. परंतु ज्याच्या नकाराने रूढीचा हातच थांबावा, असा नकार देण्याची शक्ती व्याख्यात्यांपाशी नव्हती. ती आपल्या लोकांपाशी होती, कारण धार राखण्याची विद्या दुसऱ्या कोणाच्या मनगटात नव्हती. या नकाराची किंमतही मोठी होती. ज्या घरांच्या उत्पन्नावर संसार चालावयाचा, त्याच घरांचे काम सोडावयाचे होते. जिवाजी महाले यांच्या घावाइतकाच हा प्रसंग स्मरणिकांतून यावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत किंग कँप जिलेट यांना १९०४ साली बदलत्या पात्याच्या दाढीयंत्राचे पेटंट मिळाले आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय हळूहळू आपल्याकडेही आली. भारतात एड्सचे पहिले रुग्ण १९८६ साली आढळले; त्यानंतरच्या वर्षांत दुकानांतून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते लावण्याची पद्धत रूढ झाली. ती योग्यच होती, व तिच्याविरुद्ध एक अक्षरही आम्हांस लिहावयाचे नाही; गिऱ्हाइकाच्या कातडीपुढे आमचा अभिमान मोठा नव्हे. पण अर्धे पाते लावणाऱ्या मुठीला दगड लागत नाही, पट्टा लागत नाही. वसई-विरारच्या भरगच्च दुकानांत आज काम करणाऱ्या तरुणांपैकी किती जणांनी दगडावर वस्तरा चालविला असेल? इकडे युरोप-अमेरिकेत काही हौशी कारागीर गिऱ्हाइकाच्या मापाने हातघडणीचे वस्तरे करू लागले असून त्यांना चांगली किंमत येते. आमच्या भट्टीवरच्या बाबांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले, आणि त्यांनी कोयत्याचे काम पुढे चालू केले.

घरोघरी अजून जुन्या धोकट्या असतील. त्यांतील वस्तरा काढून वाचकांनी त्याच्या पाठीवर बोट फिरवून पाहावे. पाठीच्या दोन्ही कडांना सपाट चकाकते पट्टे दिसतील, आणि पाते मूळ रुंदीच्या निम्म्यावर आलेले असेल. ते पट्टे कारखान्याने पाडलेले नाहीत. रोज पहाटे दगडावर फिरलेल्या हाताने, एकेका वर्षाला केसभर, ते पाडले आहेत. ज्यांच्या घरी असा वस्तरा असेल आणि तो कोणी, कोणत्या गावी, कोणत्या काळात वापरला हे सांगणारे वडीलधारे असतील, त्यांनी ती माहिती त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी आणि वस्तऱ्याबरोबर त्याच धोकटीत ठेवावी.