पिंजणापासून गाडीच्या सीटपर्यंत

नागपूरहून वर्ध्याला जाताना पवनार लागते. विनोबांचा आश्रम आणि धाम नदी यांमुळे ते सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र पवनार म्हटले की अब्बांच्या अ‍ॅम्बेसेडरची सीट आठवते.

अब्बा टॅक्सी चालवत. त्या गाडीची पुढची सीट बाकासारखी एकसलग होती. आत स्प्रिंग, त्यावर काथ्या आणि वर गुळगुळीत रेग्झिन. वळणावर अंग सरकायचे, मग स्टिअरिंगचाच आधार घ्यावा लागे. संध्याकाळी अब्बांची कंबर धरलेली असे.

शेवटी पवनारच्या चाचांनी ती सीट उसवली. चाचा पिंजारी. हा शब्द आपल्याकडे अनेकदा खालच्या सुरात उच्चारला जातो. अरबीत मात्र कापूस पिंजणाऱ्याला ‘हल्लाज’ किंवा ‘नद्दाफ’ म्हणतात. इ. स. 922 मध्ये बगदादला मृत्युदंड झालेल्या सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावातच हा धंदा आहे. आपल्याकडचे ‘नदाफ’ आडनावही तिथलेच.

कापूस मऊ असतो, पण वजनाखाली दबतो. काथ्या टोचतो, पण आकार सोडत नाही, हे चाचांना हाताने कळत होते. त्यांनी खाली काथ्या ठासला, वर पिंजलेल्या कापसाचा थर दिला. कमरेपाशी उंचवटा केला, मांडीखालची पुढची कड जराशी उचलली, दोन्ही बाजूंना काठ काढले. रेग्झिनच्या जागी जाड सुती कापड लावले. शर्यतीच्या गाड्यांतली सीट चालकाला धरून ठेवते, तीही अशाच उंच काठांनी.

पुढे 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली, फोम आला, तयार गाद्या आल्या. चाचांचे पिंजण खुंटीला लागले. त्यांचा मुलगा आता सीट कव्हरे शिवतो.

पण आजच्या कित्येक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली असते. तिच्यावर घट्ट कव्हर चढवले, तर ती वेळेवर उघडत नाही. जाड गादी टाकली, तर धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरू शकतो. म्हणून अशा गाडीची बाजू झाकायला तो साफ नकार देतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, त्या दिवसाची रोजी बुडते.

चाचांच्या हातून चूक झाली असती, तर अब्बांची कंबर दुखली असती. आता चुकीची किंमत जीव असू शकते. चाचांचा हुनर मला त्यांच्या मुलाच्या त्या नकारात दिसतो.