गाडीची वेळ आणि पोटाची वेळ

कांहीं विषय घरोघरीं रोज बोलले जातात, पण लिहावयास बसलें कीं लेखणी अडखळते. मलावरोध हा त्यांपैकीं एक होय. आजोबा सकाळीं पंचा गुंडाळून ओटीवर येरझारा घालूं लागले म्हणजे त्याचें कारण घरांतल्या सर्वांत धाकट्या नातवासही ठाऊक असतें; परंतु पाहुण्यांदेखत तो शब्द काढावयाचा नाहीं, असा शिष्टाचार आहे. इतिहासकारांनींही हा शिष्टाचार पाळला. ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यापुरता तरी हा इतिहास लिहितां येण्याजोगा आहे, कारण त्यांतील मुख्य घटनेची तारीख आपणांस नक्की माहीत आहे.

ती तारीख 16 एप्रिल 1853. त्या दिवशीं बोरीबंदराहून निघालेली गाडी 21 मैलांचा प्रवास करून ठाण्यास पोहोंचली. पुढील वर्षाच्या 1 मे रोजीं लोहमार्ग कल्याणापर्यंत गेला. एका दिवसांत कोणाचें पोट बिघडलें, असें अर्थातच माझें म्हणणें नाहीं. आरंभीं गाडीनें माल गेला, यात्रेकरू गेले, कामापुरते मुंबईस जाऊन येणारे गेले. रोज सकाळीं ठराविक गाडी गांठून संध्याकाळीं परतणारा कारकून मागाहून आला, आणि 1930 पर्यंत पुणें व इगतपुरीच्या बाजूस विजेच्या गाड्या धांवूं लागल्यावर त्याची संख्या वाढतच गेली. परंतु त्याच्या सकाळीवर घड्याळाची सत्ता बसविली ती या मार्गानेंच. गंमत अशी कीं, प्रथम घड्याळेंही दोन होतीं. रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले आणि मुंबई आपल्या वेळेनें. दोहोंत सुमारें अर्ध्या तासाचें अंतर. 1906 सालीं सर्व देशाची एक वेळ ठरली. पोटाची वेळ मात्र कोणीच विचारली नाहीं.

ही वेळ आपल्या जुन्या वैद्यकानें किती महत्त्वाची मानली होती, हें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायावरून दिसतें. त्याचें नांवच 'नवेगान्धारणीय', म्हणजे वेग अडवूं नयेत हें सांगणारा अध्याय. न अडवावयाच्या तेरा वेगांची गणना तेथें आहे, आणि मलाचा वेग अडविला असतां काय होतें तेंही दिलें आहे: पोटांत व डोक्यांत शूळ, मल व वायु कोंडणें, पोट फुगणें, पोटऱ्यांत गोळे येणें. वाग्भटानेंही अष्टांगहृदयांत याच विषयाला स्वतंत्र अध्याय दिला. बस्ति आणि वर्ति यांची योजना चरकानें केली, पण वेग अडवून झालेल्या अपायावर. आधीं नियम आणि मग उपाय, हा तो क्रम होता. आपण उपाय तेवढा ठेवला आणि नियम गाडीखालीं टाकला.

आधुनिक शरीरशास्त्राचा निर्वाळा याहून निराळा नाहीं. रात्रभर संथ असलेलें मोठें आंतडें जाग आल्यावर हलूं लागतें, आणि पोटांत पहिलें अन्न पडलें कीं ही हालचाल आणखी वाढते. न्याहारीनंतरचा अर्धा तास हा म्हणून निसर्गाचा मुहूर्त होय. त्या वेळीं आलेली सूचना टाळली तर ती परत जाते; मल आंतड्यांत राहतो, आंतडें त्यांतील पाणी शोषीत राहतें, आणि संध्याकाळीं निवांत बसावें तों तो कठीण झालेला असतो. वर्षानुवर्षें असें घडलें म्हणजे सूचनाच मंद होते. आतां डोंबिवलीच्या गृहस्थाची सकाळ पाहा. पावणेसातला चहा, सातला स्नान, सवासातला घराबाहेर, आणि मुहूर्त येतो तो डब्यांत, दोन्ही हात वरच्या कड्यांत अडकलेले असतां! लोकलच्या डब्यांत शौचालय नाहीं.

आणि घरीं तरी सोय कोठें होती? जुन्या वाड्यांत टोपलीचे संडास असत. त्या टोपल्या उचलणारीं माणसें आपल्याच समाजानें त्या कामास जखडलेलीं होतीं. त्यास कायद्यानें बंदी झाली ती 1993 सालीं, आणि अधिक कडक कायदा व्हावयास 2013 उजाडलें. आमच्या वडिलांच्या पिढीच्या सकाळच्या सोयीचा हिशेब मांडतांना हा आंकडा वगळणें लबाडीचें होईल. चाळींत मजल्याच्या टोंकाला सामाईक संडास, बाहेर रांग, आणि रांगेंतील प्रत्येकाची गाडी निराळी. दारावर थाप पडत असतां कोणाचें पोट मोकळें होणार? पुढें घराघरांत स्वतंत्र संडास आले, रांग गेली. पण त्याबरोबर खुर्चीसारखें भांडें आलें आणि उकिडवें बसणें गेलें. उकिडव्या बैठकीनें गुदमार्गाचा बांक सरळ होतो व जोर कमी करावा लागतो. ज्यांचे गुडघे आतां तसे वांकत नाहींत त्यांनीं भांड्यासमोर वीतभर उंचीचा पाट ठेवून त्यावर पाय टेकले तरी बरेंच साधतें.

आतां ताटाकडे वळूं. ठाणें जिल्हा भाताचा. उखळांत सडलेला तांदूळ जाऊन गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ घरांत आला, तेव्हां सुनांचे हात सुटले आणि कोंडा गेला. 1934 सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांच्या त्या संघानें हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार हिरीरीनें केला. तो प्रचार पुष्कळ अंशीं योग्य होता. तथापि मलावरोधापुरतें बोलावयाचें तर हातसडीवर फार भिस्त ठेवूं नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणें शंभर ग्रॅम गिरणीच्या तांदळांत चोथा सुमारें 3 ग्रॅम, न सडलेल्या तांदळांत साडेचार, आणि नाचणीत, बाजरीत व कोंड्यासकट गव्हाच्या पिठांत सुमारें 11. प्रौढास दिवसाला 25 ग्रॅम तरी चोथा हवा. म्हणजे खरा प्रश्न तांदळाच्या रंगाचा नसून, मुरबाड-शहापूरच्या डोंगरकडेची नाचणीची भाकरी आमच्या ताटांतून कां गेली हा आहे. ती गरिबांची समजली गेली, एवढेंच कारण. वालाचें बिरडें, अळूचें फतफतें, शेवग्याच्या पाल्याची भाजी हीं सुदैवानें टिकलीं. पावसाच्या तोंडाशीं शेवळें आणि टाकळा घेऊन आदिवासी स्त्रिया आजही कल्याणच्या व ठाण्याच्या बाजारांत बसतात, आणि सुशिक्षित गिऱ्हाईक दोन रुपयांसाठीं त्यांच्याशीं हुज्जत घालून शेजारच्या दुकानांतून चूर्णाची महाग बाटली निमूटपणें घेतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्व जगालाच मलावरोधाची धास्ती बसली होती. सांचलेल्या मलाचें विष रक्तांत भिनतें अशी समजूत होती, आणि लंडनचे शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यांनीं त्यापायीं रोग्यांचें मोठें आंतडेंच कापून काढण्याचा सपाटा लावला. ती उपपत्ति पुढें टिकली नाहीं. गांधीजींनीं आत्मकथेंत आपल्या मलावरोधाची हकीकत मोकळेपणानें सांगितली आहे. मँचेस्टरच्या एका मंडळाची बातमी वाचून त्यांनीं सकाळचें खाणें सोडलें. डोकेदुखी गेली, मलावरोध राहिला. वर सांगितलेला न्याहारीचा मुहूर्त ध्यानांत घेतां यांत नवल वाटत नाहीं. मग कूनेचें कटिस्नान झालें, जुस्टच्या पुस्तकावरून पोटावर मातीची पट्टी झाली. आपल्याकडे लोणावळ्यास 1924 सालीं कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद यांनीं मात्र निराळी वाट धरली: नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब खरोखर उतरतो काय, हें त्यांनीं यंत्रांनीं मोजून पाहिलें. चोथ्याची महती जगाला पटविली ती युगांडांत काम केलेले आयरिश शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनीं, 1970 नंतरच्या दशकांत. त्यांचे कांहीं दावे अतिव्याप्त ठरले. पण खेड्यांतील चोथायुक्त आहारानें मल अधिक व लवकर होतो, हें निरीक्षण खरें निघालें.

औषधांविषयीं थोडकें लिहितों. इसबगोल हें फारसी नांव, अर्थ घोड्याचा कान. बीच्या आकारावरून पडलेलें. तें भरपूर पाण्याबरोबर घ्यावें, कोरडें गिळूं नये. चोथा हळूहळू वाढवावा, एकदम वाढविल्यास पोट फुगतें. सोनामुखीचीं चूर्णें प्रसंगीं ठीक. रोजची लागली तर वैद्यास विचारावें. लोहाच्या गोळ्या, कांहीं वेदनाशामकें, थायरॉइडची मंदता हींही कारणें असतात. मलांतून रक्त, विनाकारण उतरणारें वजन, पन्नाशीच्या सुमारास अकस्मात् पालटलेली संवय, किंवा उलटीसह ताठरलेलें पोट असेल तर हा लेख बाजूस ठेवून डॉक्टर गांठावा.

चरकाच्या त्या तेरा वेगांत तहानही आहे. स्त्रियांच्या डब्यांतील प्रवासिनींना हें सांगावयास नको. डोंबिवलीहून मुंबईपर्यंतचे 48 किलोमीटर, उतरल्यावर स्थानकांतील स्वच्छतागृहाची शाश्वति नाहीं, म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहींत; आणि पाण्यावांचून नाचणीही कामास येत नाहीं, इसबगोलही नाहीं. मुंबईंत 2011 सालीं स्त्रियांनीं स्वच्छतागृहांच्या हक्कासाठीं चळवळ उभारली, तिच्याकडे पुष्कळांनीं थट्टेनें पाहिलें. माझ्या घरांतील एक सून रोज सकाळीं पाण्याची बाटली भरून पिशवींत ठेवते. बाटली कचेरींत पोहोंचल्यावर उघडते; तोंवर साडेनऊ झालेले असतात.