तारण राहिलेला युवराज

सिंदखेडराजा म्हणजे आपल्या दुसरबीडचा तालुका, जिजाऊंचं माहेर. दर १२ जानेवारीला आम्ही गटातल्या बाया तिथे जातो, शिवबांना घडवणाऱ्या आईबद्दल ऐकतो. आज आम्ही जिजाऊंच्या नातवाबद्दल बोलणार आहोत. संभाजीराजे, स्वराज्याचे युवराज.

युवराज म्हटलं की डोळ्यांपुढे हत्ती, रेशमी कपडे, नोकरचाकर येतात. या युवराजाचं बालपण मात्र वेगळंच गेलं. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्म. जिजाऊंचा थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला लढताना पडला होता, त्याचंच नाव नातवाला ठेवलं. सईबाईंची तब्येत बरी नसायची, म्हणून कापूरहोळच्या धाराऊंनी बाळाला दूध पाजलं. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई वारल्या, तेव्हा लेकरू जेमतेम सव्वादोन वर्षांचं. पुढे आजीनेच वाढवलं.

बँकेत सोनं तारण ठेवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी तहाला वारसदार मुलगा तारण राहायचा. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यायचे ठरले. किल्ले ताब्यात जाईपर्यंत आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत ओलीस होते. पुढच्याच वर्षी वडिलांबरोबर आग्र्याच्या कैदेत. तिथून सुटल्यावरही वडिलांसोबत घरी येता आलं नाही. वाटेत मथुरेला परक्या घरी राहावं लागलं, ते मागाहून राजगडी पोचले.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि सतरा वर्षांचे संभाजीराजे युवराज म्हणून मिरवले. १७ जूनला पाचाडला जिजाऊ गेल्या. त्यानंतर घरात वारसाचा वाद वाढला. एका बाजूला सोयराबाईंचे राजाराम, दुसऱ्या बाजूला संभाजीराजे. १६७८ च्या अखेरीस युवराज थेट दिलेरखानाच्या गोटात गेले. ही चूकच होती, आम्ही तिच्यावर पांघरूण घालत नाही. वर्षभरात ते पन्हाळ्याला परत आले. पण आम्हाला राहून राहून वाटतं, बाप आणि लेक दोघांनाही दटावू शकेल असं माणूस तेव्हा घरात उरलं नव्हतं.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारलं, पण ते झुकले नाहीत. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई सात वर्षांच्या शाहूंना घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. वारसदार लेकरू पुन्हा शत्रूच्या हाती. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाई १७१९ मध्ये.

आपल्याकडे राज्य नाही, दोन-चार एकर शेत आहे. तरी वाटणीवरून बापलेकांचं बोलणं बंद झालेली घरं आपण पाहतो. इकडचा निरोप तिकडे पोचवते ती आजी. मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी आजी असेल तर ती आहे तोवरच दोघांना समोरासमोर बसवा. पोरगं वारस आहे हे त्याला सगळेच सांगतात. ते आपलं लेकरू आहे, हेही कोणीतरी सांगायला हवं.

जय जिजाऊ.