उणे साठ टक्के

बाहेरच्या माणसाला उजनीच्या बातम्या विचित्र वाटतात. "धरण उणे ४० टक्के!" उणे पाणी असतं का कुठे, असं एका पुणेकर मित्राने मला खरंच विचारलं होतं. असतं बाबा. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साधारण ६३ टीएमसी मृत साठा, आणि वरचं ५३-५४ उपयुक्त. टक्के मोजायचे ते या वरच्याचे. ते संपलं की शून्य, खालचं उपसायला लागलं की उणे. जून २०२४ मध्ये आकडा उणे साठाच्या जवळ गेला होता.

अशा वर्षी पेपरात आणखी एक ठरलेली बातमी येते. पळसदेवचं बुडालेलं हेमाडपंती देऊळ पाण्याबाहेर आलं. मग फोटो, गर्दी, सेल्फी.

आमची आत्या करमाळ्याच्या बाजूला, काठावर राहते. ती लग्न होऊन आली ती जुन्या गावठाणात. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि ते घर पाण्याखाली गेलं. दारं, तुळया, पत्रे, जातं असं सगळं बैलगाडीत घालून वर नेलं. उखळ तेवढं राहिलं, ते जमिनीत पुरलेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी तिने सगळं घर सारवलं होतं म्हणे.

"बुडणारं घर सारवायचं कशाला गं आत्या?"

"मग काय पारोसं सोडून यायचं व्हय?"

यावर मी काय बोलणार!

२०२४ च्या उन्हाळ्यात आतेभाऊ भेगाळलेल्या गाळातून चालत जुन्या गावठाणात जाऊन आला. मोबाईलमध्ये उखळाचा फोटो होता, आत गाळ आणि शिंपले. आत्याने बराच वेळ पाहिला. "पेपरात देवळाचं आलंय," मी म्हणालो. "येऊ दे की," म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

त्याच मे महिन्याच्या २१ तारखेला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सहा माणसं गेली. ती बातमी मात्र राज्यभर झाली. पण इकडून तिकडे बोटीने जाणं हे काठावरच्या लोकांचं नेहमीचं आहे. पाहुण्यांकडे जायचं, कामाला जायचं, तर पाण्याला वळसा घालून किती लांब जाणार? गावं तुटली ती धरणाने, आणि लोक ती बोटीने जोडत राहिले. चाळीस वर्षं हे रोज चाललं होतं, तेव्हा त्याची बातमी नव्हती.

पुढे ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. पेपरात ते पहिल्या पानावर आलं. मी आत्याला फोन केला, तर म्हणाली, "बरं झालं, उसाला पाणी झालं."

उखळाचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.